तिसऱ्या दिवशी कुदळ

(परदेशात सेवाकार्यासाठी जाऊ इच्छिणारे युवक-युवती व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत एक म्हण आहे : 'म्गेनी सिकु म्बिली, सिकु या ततु म्पे जेंबे.' पाहुणा दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्यावी. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी १९६२ साली 'उजामा' या विचाराची मांडणी करताना याच म्हणीचा आधार घेतला होता. न्येरेरे मूळचे शिक्षक. देश त्यांना 'म्वालिमु', म्हणजे गुरुजी, म्हणूनच ओळखतो. भारत सरकारचा गांधी शांतता पुरस्कार १९९५ साली सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले मानकरी तेच होते.

या म्हणीत आतिथ्यही आहे आणि अपेक्षाही आहे. परदेशी सेवेसाठी जाणाऱ्या कार्यकर्त्याला पहिल्या दोन दिवसांचे आतिथ्य सहज लाभते. प्रश्न असतो तो तिसऱ्या दिवसाचा. कुदळ हाती घेण्याची त्याची इच्छा प्रामाणिक असते. परंतु माती कोणती, पाऊस केव्हाचा, आणि बांध कोणाचा, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून आजचा विषय त्याच्या कार्याचा नाही, कार्याच्या आधीचा आहे. एका लहानशा आफ्रिकी गावात माणूस रुजतो कसा, एवढाच तो विषय आहे.

न्जोंबेची वाट

उदाहरणादाखल टांझानियाच्या दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशातील न्जोंबे हे गाव घेऊ. दार-एस-सलामहून पहाटे निघालेली बस मोरोगोरो मागे टाकून मिकुमीच्या अभयारण्यातून जाते. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. पुढे इरिंगाचा घाट, मग मकांबाको हे चीनच्या साहाय्याने १९७० ते १९७५ या काळात बांधलेल्या 'ताझारा' रेल्वेवरील स्थानक, आणि तेथून दक्षिणेला वळणारा रस्ता न्जोंबेला पोहोचतो. आफ्रिका म्हणजे रणरणते ऊन, अशी कल्पना घेऊन आलेला कार्यकर्ता येथे पहिल्याच रात्री कुडकुडतो. गावाची उंची सुमारे दोन हजार मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून बरीच अधिक. जून-जुलैत येथे कडाक्याची थंडी पडते. सभोवती चहाचे मळे, पाइनची लागवड, मका आणि बटाट्याची शेते. सुती सदऱ्यांनी भरलेली पेटी निरुपयोगी ठरते आणि पहिली खरेदी होते ती 'मितुंबा' बाजारात, म्हणजे परदेशांतून गठ्ठ्यांनी येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या बाजारात, एका लोकरी स्वेटरची. प्रदेशाविषयीचे वाचन कितीही झालेले असो, प्रदेश आपली ओळख स्वतःच करून देतो, याचा हा पहिला अनुभव.

घर मिळते, पण भाडे सहा महिन्यांचे, कधी वर्षाचेही, आगाऊ मागितले जाते. महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडून आलेल्याची येथे तारांबळ उडते. विजेसाठी 'लुकू' नावाचा मीटर असतो. पैसे आधी भरायचे, भ्रमणध्वनीवर येणारा लांबलचक अंक मीटरवर टिपायचा, मग दिवा लागतो. पाणी नळाला येते, येतही नाही. म्हणून बादल्या भरून ठेवण्याची सवय लागते. स्वयंपाकासाठी कोळशाची शेगडी. ती पेटवण्याची कला आपल्या आजी-पणजीच्या हातात होती. नातवाला ती न्जोंबेच्या शेजारणीकडून शिकावी लागते.

जेवणाचा प्रश्न पालकांना, विशेषतः मातांना, सर्वांत मोठा वाटतो. शाकाहारी मुलाचे तेथे कसे होणार? तो प्रश्न वाटतो तितका बिकट नाही. 'उगाली' म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तिच्याबरोबर 'महारागे', म्हणजे राजम्याच्या जातीचा घेवडा, आणि 'मचिचा' ही पालेभाजी, जी आपल्या माठाचीच बहीण. जेवणाआधी यजमानांचे मूल तांब्यासारख्या भांड्याने पाहुण्याच्या हातावर पाणी घालते, आणि जेवण उजव्या हाताने होते. चपाती आहे, सांबुसा आहे, दुधाचा चहा आहे. अडचण पदार्थांची नसते, नकाराची असते. बांबूच्या कोवळ्या कोंबातून पाझरणारा रस आंबवून केलेले 'उलांझी' हे पेय या भागात आग्रहाने पुढे केले जाते. मद्य न घेणाऱ्याने ते नाक मुरडून नाकारले तर यजमानाचा अपमान होतो. दोन्ही हातांनी भांड्याला स्पर्श करून, आपला नेम सांगून, त्याऐवजी चहा मागितला तर त्या नेमाचा आदर होतो. व्रत पाळावे, मात्र ते दुसऱ्याच्या अंगणात मिरवू नये.

भाषा, नमस्कार आणि घड्याळ

स्वाहिली शिकू लागलेल्या मराठी माणसाला पावलोपावली ओळखीचे चेहरे भेटतात. 'दुका' म्हणजे दुकान, 'गारी' म्हणजे गाडी, 'पेसा' म्हणजे पैसा, 'लाकी' म्हणजे लाख, 'बिमा' म्हणजे विमा, 'साबुनी' म्हणजे साबण, 'सेरिकाली' म्हणजे सरकार, 'हबारी' म्हणजे खबर. यांतील काही शब्द हिंदी महासागरावरील व्यापाराने नेले, तर काही अरबी-फारसीतून दोन्ही किनाऱ्यांवर उतरले. एवढेच नव्हे, तर तीनचाकी रिक्षाला टांझानियात नावच मुळी 'बजाजी' पडले आहे. आकुर्डीचे नाव तेथील पोरासोरांच्या तोंडी आहे.

परंतु शब्द ओळखीचे असले म्हणजे भाषा आली असे होत नाही. भाषेची खरी परीक्षा नमस्कारात आहे. वडीलधाऱ्या व्यक्तीला लहानाने 'शिकामू' म्हणावे; मी आपले पाय धरतो, असा त्याचा मूळ अर्थ. त्यावर वडीलधाऱ्याने 'माराहाबा' म्हणून तो नमस्कार स्वीकारावा. चरणस्पर्शाच्या संस्कारात वाढलेल्या तरुणाला याचे मर्म सांगावे लागत नाही. न्जोंबेतील बेना समाजात 'कम्वेने' हे अभिवादनही चालते, आणि ते परक्याच्या तोंडून ऐकले की वृद्धांचे चेहरे उजळतात. दारात उभे राहून 'होडी' अशी साद घालावी, आतून 'करिबू' असे उत्तर आल्यावाचून उंबरा ओलांडू नये. दुकानात शिरताच वस्तूचा भाव विचारणे हा उर्मटपणा. आधी घरची, मुलांची, कामाची, प्रकृतीची विचारपूस; मग मिठाची पुडी. घाईत वाढलेल्या शहरी मनाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यावर तेथील म्हण सांगते, 'हराका हराका हैना बराका', घाईला बरकत नाही.

घड्याळाचीही तीच गोष्ट. स्वाहिली दिवस सूर्योदयापासून मोजला जातो. सकाळी सात वाजता तेथे एक वाजतो, नऊ वाजता तीन. 'तीन वाजता बैठक' हे ऐकून नवखा कार्यकर्ता दुपारी तीनला हजर होतो, तेव्हा बैठक संपून कित्येक तास झालेले असतात. आपल्या पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नव्हे. तेव्हा हसण्याआधी आपणही ही गणना एकेकाळी जगत होतो, याचे स्मरण असावे.

'म्हिंदी' या शब्दाचे ओझे

भारतीय कार्यकर्त्यासाठी आणखी एक पाठ आहे, आणि तो सोपा नाही. गोऱ्या पाहुण्याला तेथे 'म्झुंगू' म्हणतात, भारतीयाला 'म्हिंदी'. या दुसऱ्या शब्दामागे शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. रेल्वे, कापूस, किराणा, लाकूड या व्यवसायांत भारतीयांनी, मुख्यतः गुजरात आणि कच्छमधून गेलेल्यांनी, अपार कष्ट केले. रुग्णालये आणि शाळा उभारल्या. मात्र सामान्य आफ्रिकी माणसाला भारतीय भेटला तो बहुधा गल्ल्याच्या पलीकडे किंवा मालकाच्या खुर्चीत. एकत्र जेवण, एकत्र वस्ती फार थोड्या ठिकाणी घडली. १९७१ साली टांझानियात भाड्याने दिलेल्या इमारतींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि हजारो भारतीय कुटुंबांनी देश सोडला. १९७२ साली युगांडात इदी अमीनने तर आशियाई वंशाच्या लोकांना देशाबाहेरच काढले. तो अन्याय होता, यात शंका नाही. पण अन्याय करणाऱ्यांना सामान्यांची सहानुभूती का मिळाली, हा प्रश्न विचारल्यावाचून आपल्याला पुढे जाता येणार नाही.

कार्यकर्ता गावात उतरतो तेव्हा लोक त्याला विचारतात, तुझे दुकान कोठे? दुकान नाही असे उत्तर ऐकून प्रथम अविश्वास वाटतो. तो अविश्वास भाषणांनी जात नाही. बाजारातून स्वतः बटाट्याची पिशवी उचलून आणणाऱ्या, 'मामा न्तिलिये'च्या बाकावर मजुरांच्या शेजारी बसून उगाली खाणाऱ्या, नळावर रांगेत बादली लावणाऱ्या भारतीयाकडे पाहत पाहतच तो विरतो. हिंदुस्थानचे नाव उंचावण्याचा याहून सरळ मार्ग तेथे नाही.

सहावा आठवडा

कॅनडात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी युगांडाच्या अंकोले राज्यात संशोधन केले होते. पुढे १९५४ मधील एका भाषणात आणि १९६० च्या लेखात त्यांनी 'सांस्कृतिक धक्का' ही संज्ञा रूढ केली. परमुलखात गेलेला माणूस आधी नवलाईने हरखतो, मग कोसळतो, मग सावरतो आणि अखेरीस रुळतो, अशा चार अवस्था त्यांनी सांगितल्या.

कोसळण्याची अवस्था साधारणतः काही आठवड्यांनी येते. नवलाई ओसरलेली असते. भाषा अर्धीमुर्धी. पावसाची झड चालू. शाळेत कोणी काम सांगत नाही, कारण पाहुण्याला काम कसे सांगावे, हा संकोच. मुख्याध्यापक 'पोले पोले', हळूहळू, असे म्हणतात. रात्री वीज जाते, आणि मेणबत्तीच्या उजेडात मनात येते, आपण येथे कशासाठी आलो? याच सुमारास बहुतेकांच्या हातून एक चूक होते. आपली उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी ते घाईने काहीतरी उभारू लागतात, कोणी ग्रंथालय, कोणी संगणक कक्ष, कोणी पाण्याची टाकी. घरून देणग्या येतात, छायाचित्रे निघतात. गावकरी सौजन्याने टाळ्या वाजवतात. त्यांना ते हवे होते काय, हे मात्र विचारायचे राहून जाते.

पालकांनीही येथे सावध असावे. मुलाचा उदास स्वर ऐकून 'परत ये' म्हणणे सोपे असते. 'मग एवढ्या दिवसांत केलेस काय?' हा प्रश्न तर त्याला अधिकच घाईला लावतो. त्या आठवड्यांत घरून एकच विचारणा व्हावी : आज कोणाकोणाला भेटलास?

न रुजलेल्या सेवेची किंमत

ही केवळ भावनेची बाब नाही. टांझानियाच्या मध्यभागी कोंग्वा नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला खाद्यतेलाची टंचाई भासू लागली, तेव्हा टांगानिका व शेजारच्या प्रदेशांतील सुमारे ३२ लाख एकरांवर भुईमूग पिकवण्याची योजना आखली गेली. पाहणी अवघ्या काही आठवड्यांची, तीही बरीचशी विमानातून. १९४७ साली काम सुरू झाले. उन्हाळ्यात तेथील चिकणमाती विटेसारखी कठीण होते आणि पाऊस बेभरवशाचा असतो, हे स्थानिक गोगो समाजाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. यंत्रांचे दात मोडले, शेंगा जमिनीतच अडकल्या. १९५१ साली योजना गुंडाळली गेली तेव्हा ३ कोटी ६० लाख पौंड मातीत गेले होते.

परकीय सत्तेचेच असे होते असेही नाही. न्येरेरे यांच्याच शासनाने १९७३ ते १९७६ या काळात लक्षावधी शेतकऱ्यांना नव्या उजामा गावांत हलवले, अनेकदा बळजबरीने. हेतू उदात्त होता. पण जुन्या वस्तीमागील शहाणपण न विचारता ती मोडली आणि शेतीची घडी विस्कटली. अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे मुलांच्या फिरत्या चक्रावर चालणारा 'प्लेपंप'. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरच्या साहाय्याची घोषणा झाली. २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचे ठरले होते. प्रत्यक्षात मुले थकून जात आणि ते अवजड चक्र गावातील स्त्रियांना फिरवावे लागे. पंप बिघडला तर दुरुस्तीचे सुटे भागही जवळपास मिळत नसत. योजना अर्ध्यावर थांबली. एका स्त्रीलाही आधी विचारले असते, तर हे टळले असते.

दुःखात सहभाग

मग माणूस रुजतो केव्हा? आनंदाच्या प्रसंगी पाहुणा म्हणून सर्वांनाच बोलावणे येते. रुजण्याची खूण 'म्सीबा'त आहे. म्सीबा म्हणजे मृत्यू घडलेल्या घरचा शोकप्रसंग. शेजारपाजारचे सारे लोक तेथे जमतात. स्त्रिया मोठ्या पातेल्यांत स्वयंपाक करतात. पुरुष अंगणात शेकोटीभोवती रात्र काढतात. 'राम्बिराम्बी', म्हणजे दुखवट्याची मदत, प्रत्येक जण यथाशक्ती देतो आणि वहीत नोंद होते. तेथे कोणी सांत्वनाचे भाषण करीत नाही. 'पोले' एवढा एक शब्द म्हणायचा आणि बसून राहायचे.

न्जोंबेत असे प्रसंग फार आले आहेत. २०११-१२ च्या राष्ट्रीय पाहणीत या प्रांतातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण १४.८ टक्के आढळले, जेव्हा देशाची सरासरी ५.१ टक्के होती. २०२२-२३ च्या पाहणीतही हाच प्रांत सर्वांत वर होता. अनेक घरांत मधली पिढीच हरपली आणि नातवंडे आजीच्या पदराखाली वाढली. आज उपचार विनामूल्य मिळतात, लोक औषध घेऊन वर्षानुवर्षे शेती करतात, मुले वाढवतात. या परिवर्तनात भारताचाही वाटा आहे. पूर्वी या औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने सेवाभावी वैद्यकीय संस्थेला तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि जगभरातील किमती कोसळल्या. दवाखान्यातील गोळ्यांच्या डब्यावर भारताचे नाव वाचणारी आजी शेजारच्या म्हिंदीला ते मुद्दाम दाखवते, तेव्हा त्या नावाला जागण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ती त्याने शेकोटीपाशी बसून पार पाडावी. अशी एखादी रात्र त्या अंगणात काढल्यानंतर गावाचे त्याच्याशी बोलणे बदलते. मुख्याध्यापकांचा संकोचही सरतो आणि कुदळ हाती येते.

कुदळ कशी चालवावी

समजा, ती कुदळ गणित शिकवण्याची आहे. टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत होते. २०१६ पासून शासकीय माध्यमिक शाळांतील शुल्क बंद झाले आणि वर्ग ओसंडून वाहू लागले. प्राथमिक शाळेत हुशार असलेले मूल माध्यमिकच्या पहिल्याच वर्षी मुके होते, कारण प्रश्नच त्याला कळत नाही. मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला गेलेल्या प्रत्येकाला ही व्यथा ठाऊक आहे. येथे आपला कार्यकर्ता खरोखर उपयोगी पडू शकतो, पण त्यासाठी त्याला स्वाहिलीतील बेरीज-वजाबाकी आधी यावी लागते. त्या मुलापर्यंत जाणारा पूल त्याच्याच भाषेतून जातो.

त्याने एकट्याने शिकवूही नये. शेजारच्या वर्गातील स्थानिक शिक्षक त्याच्याबरोबर असावा, पाठ दोघांनी मिळून आखावा. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे अमेरिकेच्या पीस कोअरने साठांहून अधिक देशांतील आपले सात हजारांवर स्वयंसेवक काही दिवसांत परत बोलावले. ही संस्था टांझानियात, तेव्हाच्या टांगानिकात, १९६१ सालीच पोहोचली होती, आणि नव्या स्वयंसेवकाला प्रारंभीचे सुमारे तीन महिने स्थानिक कुटुंबात ठेवून भाषा शिकवण्याची तिची पद्धत अनुकरणीय आहे. तरीही त्या मार्च महिन्यात प्रत्येकापुढे एकच कसोटी उभी राहिली : आपण उद्या येथे नसलो, तर हे काम कोण पुढे नेईल? ज्याच्याजवळ एखाद्या स्थानिक सहकाऱ्याचे नाव होते, तो निश्चिंत मनाने विमानात बसू शकला.

जाण्याची तयारी करणाऱ्यांनी तीन गोष्टी मनाशी ठरवाव्यात. पहिले शंभर दिवस काहीही उभारायचे नाही. भाषा, नमस्कार आणि शेजार एवढेच साधायचे. वस्तीतील प्रमुखाला, शाळेच्या शिपायाला आणि नळावरच्या आजीला नावाने ओळखल्यावाचून कोणतीही योजना मांडायची नाही. आणि पहिल्याच महिन्यात तो स्थानिक सहकारी शोधायचा, ज्याच्या हाती निघताना ही कुदळ परत द्यायची आहे. कारण ती कुदळ मुळात त्या गावाचीच आहे. आपल्याला ती काही दिवसांसाठी विश्वासाने मिळालेली असते.